अजून वीसच मिनिटं

“अजून वीसच मिनिटं.” पुढच्या सीटवरून हे वाक्य येतं तेव्हा गाडीत तिघं असतात. चालवणारी मैत्रीण, तिच्या शेजारी मुलाची आई आणि मागे कार सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेला अडीच वर्षांचा मुलगा. वाक्य म्हटलं तर मुलासाठी असतं, पण त्याचा दिलासा मिळतो तो पुढच्या दोघींनाच. मॅपवरची रेघ आखूड झालेली असते, रस्त्याला वळणं लागलेली असतात आणि अर्धा तास चढत चाललेली मागची कुरकुर एकाएकी थांबते. लागला बाई एकदाचा डोळा, असं दोघींना वाटतं. गाण्याचा आवाज कमी केला जातो. मागून एक जांभई ऐकू येते. मग दुसरी. मग तोंडात साठलेली लाळ गिळल्याचा बारीक आवाज. मग जे व्हायचं ते होतं. ते हनुवटीवरून पट्ट्यांवर, पट्ट्यांवरून बकलमध्ये आणि बकलखालून सीटच्या अशा फटीत जातं, की तिथे मोठ्या माणसाचं बोट पोचत नाही.

मॅपवर तेव्हा चौदा मिनिटं उरलेली असतात.

उलटीचं काही नवल नाही. लहान मूल आणि लांबचा रस्ता म्हटला की ती कुठेतरी टपून बसलेली असतेच. खुपत राहते ती तिच्या आधीची शांतता. तिचा अर्थ दोन शहाण्या बायकांनी लावला, आणि तो आपल्या सोयीचा लावला. अडीच वर्षांच्या मुलाला ‘मळमळतंय’ म्हणता येत नाही. तो शब्द त्याच्याकडे नसतो, आणि बिघडलंय ते पोटात की डोक्यात हेही त्याला उमगलेलं नसतं. त्याच्याकडे असतात त्या जांभया, ओठांभोवती उतरलेला रंग, कपाळावरचा गार घाम आणि आवडीचं बिस्किट हातात तसंच धरून बसणं. एरवी खोड्या करणारं मूल गाडीत अचानक शहाण्यासारखं बसलं, तर कौतुक नंतर करावं. आधी काच खाली घ्यावी आणि थांबायला जागा शोधावी.

आपल्याकडे गाडी ‘लागते’. ऊन लागावं, ठेच लागावी, तशी गाडी लागते. शब्द अगदी नेमका आहे, कारण दोष ना पोटाचा असतो ना खाण्याचा. आतल्या कानात एकमेकींना काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव जरा मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. डोळे मात्र सांगत असतात की समोरची सीट जागची हललेली नाही. या भांडणाची किंमत पोट मोजतं. दोन वर्षांखालच्या मुलांत हे क्वचित दिसतं; दोन ते बारा हे त्याचं खास वय. म्हणजे गेल्या वर्षी याच रस्त्याने मजेत गेलेलं मूल यंदा ओकतं, आणि घरचे आदल्या दिवशी काय खाल्लं होतं ते आठवत बसतात. त्यात मूल बसतं खाली. त्याला पुढची काच दिसत नाही. दिसते पुढच्या सीटची पाठ आणि बाजूने सरसर मागे पळणारी झाडं. मागच्या मधल्या जागेवर सीट नीट बसत असेल तर तिथून निदान समोरचा रस्ता दिसतो. सर्वांत वाईट म्हणजे हातात दिलेला मोबाईल. कुरकुर वाढली म्हणून ‘लाव ना त्याला काहीतरी’ असं पुढे ठरतं, ते नेमकं वळणं सुरू होतात तेव्हाच. आता डोळे एका स्थिर चौकोनावर खिळलेले आणि कान मात्र प्रत्येक वळण मोजतायत. ही उलटी बरीचशी त्या दहा मिनिटांच्या कार्टूनची असते.

औषधांचं थोडक्यात सांगायचं तर, गाडी लागू नये म्हणून मोठ्यांच्या पर्समध्ये असणारी गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये. दोन वर्षांखाली तर नकोच, आणि त्यापुढेही डॉक्टरांनी वजन बघून सांगितलं तरच. दिलं असेल तर पहिली मात्रा निघायच्या आधी एखाद्या दिवशी घरीच देऊन बघावी. या जातीच्या औषधांनी काही मुलांना झोप येण्याऐवजी चेव येतो, आणि चेव आलेलं मूल पट्ट्यांत बांधून तीन तास नेणं ही शिक्षा कुणाला असते ते सांगायला नको.

तर, मुलाला उलटी झालीय. मागे वळून बघण्याचा मोह चालवणारीने आवरायचा. तिचं काम एकच, गाडी सुरक्षित जागी नेऊन उभी करणं. शेजारचीनेही चालत्या गाडीत पट्टा सोडून मागे चढू नये. हात पोचला तर मुलाचं डोकं पुढे झुकतं धरावं, बाकी आवाजाने सांभाळावं. इथे दोघींकडून पहिली चूक होते. दीड किलोमीटरवर पंपाची पाटी दिसत असते, पण मागून रडणं सुरू झालेलं असतं, आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर उतरते. कडेला काय पडलेलं असतं? रस्त्यावरून धावणारी चाकं जे जे बाजूला उडवतात ते सगळं. खिळे, काचा, तारेचे तुकडे, फुटलेल्या टायरांच्या पट्ट्या. मधला रस्ता स्वच्छ दिसतो कारण त्याचा कचरा कडेला झाडलेला असतो. मूल गुदमरत नसेल, श्वास नीट चालू असेल आणि ते रडत असेल, तर दीड किलोमीटर म्हणजे दीड-दोन मिनिटं. ओल्या कपड्यांत काढता येतात. पण वीस मिनिटं रेटायची तयारी असलेल्यांना नेमकी ही दोन मिनिटं रेटवत नाहीत.

आता सफाई. या विषयावर लोक फार ढोबळ बोलतात, म्हणून जरा सविस्तर. मुलाला आधी रहदारीच्या उलट बाजूच्या दाराने बाहेर काढायचं. शर्ट डोक्यावरून ओढून काढायचा नाही, म्हणजे सगळं केसांत जातं. खालून गुंडाळत गळ्यापर्यंत आणायचा आणि मागून पुढे असा काढायचा. कपडे झिपच्या पिशवीत, हवा दाबून, बंद. सीटवरचं जाडसर आधी खरवडून घ्यायचं, पुसायचं नाही, कारण पुसलं की ते विणीत शिरतं. जुन्या एटीएम कार्डासारखं पातळ काहीतरी त्यासाठी उत्तम. मग ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं आणि वर खायचा सोडा भुरभुरायचा; तो ओल धरतो आणि वासही. कव्हर निघणारं असेल तर ते घरी मशीनमध्ये जातं, पण पट्टे जात नाहीत. पट्टे भिजत घालणं, साबणाची पावडर लावून घासणं, मशीनला लावणं, हे जवळपास प्रत्येक सीटच्या पुस्तिकेत मना केलेलं असतं, आणि लोक नेमकं हेच करतात. पट्ट्याची ताकद त्याच्या विणीत असते. अपघाताच्या क्षणी तो किती आणि कसा ताणला जावा हे त्या विणीवर ठरलेलं असतं. कडक धुलाईत ती बिघडते आणि वरून काही दिसत नाही. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, फडकं, आणि सावलीत वाळवणं. बकलमध्ये गेलं असेल तर नुसत्या कोमट पाण्यात खालीवर हलवून, बटण दाबत दाबत धुवायचं; तेल नाही, साबण नाही. आत चिकट राहिलं तर पट्टा अडकल्याचा ‘खट’ आवाज येत नाही. तो येत नसेल तर त्या सीटमधून पुढे जायचं नाही.

या सगळ्यासाठी लागणारी पिशवी डिकीत असते. सगळ्यात खाली. वर दोन सुटकेसा, ढकलगाडी आणि चेंडू. ती पिशवी पुढच्या सीटच्या पायाशी हवी, आणि तिच्यात मुलाचे दोन जोड, दोन जुने टॉवेल, पाचसहा झिपच्या पिशव्या, वाइप्स, सोड्याची डबी, लिटरभर साधं पाणी आणि मोठ्या माणसाचा एक शर्ट. शेवटची वस्तू सगळे विसरतात. मूल स्वच्छ होऊन नव्या कपड्यांत हसत बसतं आणि ज्या बाईने त्याला उचललं होतं ती उरलेला सगळा रस्ता आपल्या खांद्यावरचा वास घेत बसते.

दुसरी चूक याच्यानंतर होते, आणि पहिलीपेक्षा ती मला जास्त धोक्याची वाटते. मूल ओलं झालेलं, वारा सुटलेला, म्हणून त्याला जाड, फुगीर जाकीट चढवलं जातं आणि त्यावरून पट्टे आवळले जातात. वरून घट्ट दिसतात. पण जाकिटात भरलेली असते हवा. धडकेच्या क्षणी ती दबते आणि पट्टा तितका सैल पडतो. खात्री करायची तर खांद्याच्या हाडाशी पट्ट्याची उभी घडी दोन बोटांच्या चिमटीत धरता येते का बघावं. आली, तर सैल आहे. जाकीट काढून पट्टे लावावेत आणि मग तेच जाकीट उलटं, पुढून, बाह्या हातांत घालून पांघरावं. सीट स्वतः गाडीला किती घट्ट बसलीय तेही हात लागलाच आहे तर बघून घ्यावं. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. सफाईच्या गडबडीत ती निम्म्या वेळा उचकटलेली असते.

मोटारीतल्या तीन बिंदूंच्या पट्ट्याला सुरुवात झाली 1959 मध्ये, व्होल्वोच्या निल्स बोलिन यांच्या हातून. तो पट्टा मोठ्यांचा. मुलांचा विचार नंतर झाला. 1964 मध्ये स्वीडनच्याच बर्टिल आल्डमन यांनी उलट तोंडाच्या, म्हणजे मूल गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसेल अशा सीटचा पहिला नमुना तयार केला. कल्पना सुचली ती जेमिनी अवकाशयानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून. उड्डाणाचा जोर पाठभर वाटला जावा म्हणून ते पाठीवर झोपलेले असत. मुलाचं डोकं अंगाच्या मानाने फार जड आणि मान कोवळी, म्हणून समोरच्या धडकेत सगळा जोर मानेवर न येता पाठीवर पसरावा, इतकी साधी गोष्ट. 2013 मध्ये आलेल्या, मुलांच्या सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर 129 नियमाने 15 महिन्यांपर्यंत उलट तोंड सक्तीचं केलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर 2018 पासून वयाचा आकडाच सोडून म्हणते, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर उलटंच ठेवा. या उलट्या तोंडाचा तोटा एकच. मूल मागे बघतं, पुढची मंडळी पुढे बघतात, आणि जांभई कुणालाच दिसत नाही.

म्हणून मैत्रिणीचा प्रश्न येतो.

लहान मूल असलेल्या जोडप्याचा प्रवास वेगळा. तिथे दोघांनाही बांधिलकी सारखी आणि चिडचिडही सारखी. मैत्रीण आली की गणित बदलतं. तिने रजा टाकलेली असते, अर्धा खर्च उचललेला असतो आणि तिच्या डोक्यात प्रवासाचं जे चित्र असतं ते मूल होण्याआधीच्या प्रवासांचं असतं: रात्री उशिरापर्यंत गप्पा, वाटेत मन मानेल तिथे चहा. आईला याची जाणीव असते, आणि त्या जाणिवेचंच ओझं होतं. थांबायला हवंय हे तिला कळत असतं, पण गेल्या दोन तासांत दोनदा थांबून झालेलं असतं. तिसऱ्यांदा कसं म्हणायचं? मैत्रिणीलाही कळत असतं की काहीतरी बिघडतंय, पण मूल आपलं नाही, मध्ये कसं बोलायचं? दोघी एकमेकींचं मन राखतात आणि त्या राखलेल्या मनांच्या फटीतून ‘अजून वीसच मिनिटं’ हे वाक्य बाहेर पडतं. ते कोण म्हणालं हे नंतर दोघींना आठवत नाही. आठवलं तरी त्या सांगत नाहीत.

याला उपाय आहे आणि तो निघण्याआधीचा आहे. थांबायचं की नाही हे एकीनेच ठरवायचं, आणि तीही गाडी चालवत नसलेली. ती मागे, मुलाशेजारी बसते. ‘पुढच्या जागी थांब’ एवढं ती म्हणाली की चालवणारीने कारण विचारायचं नाही. दर दोन तासांनी जागा बदलायच्या, म्हणजे मागे बसणं ही शिक्षा होत नाही आणि चालवणारीचेही डोळे ताजे राहतात. पहिल्या तासात आई मागे बसू नये, हे माझं आग्रहाचं मत. आई हाताच्या अंतरावर दिसली की मुलाला पट्ट्यातून सुटायचंच असतं. मावशी शेजारी असली की त्याला आधी तिची परीक्षा घ्यायची असते. ही परीक्षा चाळीस-पन्नास मिनिटं टिकते. एकच गाणं सतरा वेळा म्हणायची तयारी असेल तर तासभरही.

आणि मॅपवरचे आकडे. मॅप सहा तास सांगतो तेव्हा तो फक्त चाकांचा हिशेब सांगत असतो. मोठ्या माणसांनाही दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं जातं. त्या पंधरा मिनिटांत मूल पट्ट्यातून जेमतेम बाहेर पडतं. एक पूर्ण थांबा म्हणजे: पट्टे सोडणं, काढून फेकलेला बूट सीटखालून शोधणं, तो पायात घालणं, शू (अनोळखी संडास, आपोआप जोरात पाणी सोडणारा असेल तर किंचाळणं, त्याच्या सेन्सरवर चिकटकागदाचा तुकडा लावला तर तो गप्प राहतो), पाणी, केळ्याचे तुकडे, जमिनीवरचा एखादा दगड, त्या दगडावर दहा मिनिटं, आणि मग परत सीटमध्ये बसवताना अंगाची ती कमान. कमान म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. पाठ अशी ताठ वर उचलली जाते की दोन हात लागतात आणि पट्टा लावायला तिसरा उरत नाही. पोटावर दाबून बसवू नये. क्षणभर सोडून द्यावं, ‘खट कोण करणार?’ विचारावं आणि छातीवरच्या पट्ट्याची कडी त्याच्याच हातात द्यावी. या सगळ्याला तीस मिनिटं लागतात. सहा तासांच्या रस्त्यावर असे दोन थांबे धरलेले आणि एक न धरलेला, म्हणजे साडेसात तास. हे निघतानाच मान्य केलं तर कुणाचाही उशीर होत नाही.

झोपेचं वेळापत्रक याहून नाजूक. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाचच्या मुलाला 10 ते 13, आणि यात दुपारची धरलेली आहे. अडीच वर्षांचं मूल या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं. त्याच्या दुपारच्या झोपेच्या अर्धा तास आधी, भरपूर पळवून मग निघालं तर दीड तास रस्ता फुकटात कापला जातो. उलट पाच वाजता, मुक्काम जवळ आलेला असताना लागलेली पंधरा मिनिटांची डुलकी रात्री अकरापर्यंतचा हिशेब चुकता करते. मुक्कामाची खोली एकच असेल तर आठ वाजता दिवा बंद, आणि दोन मोठ्या बायका बाथरूमच्या दाराशी फरशीवर बसून कुजबुजत जेवतात. मैत्री किती जुनी आहे त्यावर ते हसू येण्यासारखं की रडू येण्यासारखं हे ठरतं.

इकडे खडीवर गाडी सुरू होते, दोनशे मीटर जाते आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं. मागचं चाक बसलेलं. रस्त्याच्या कडेने आपलं काम केलेलं असतं.

स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला करून टाकलाय की तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय हे सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथे डेव्हिस बंधूंनी जोडचाक बनवायला घेतलं. गाव मागे राहिलं, गल्लीचं नाव मात्र आपल्या डिकीत आलं. आणि डिकीत ते असतं सामानाच्या खाली, तळाशी. म्हणजे दोन सुटकेसा, ढकलगाडी, चेंडू, सगळं पुन्हा रस्त्यावर. स्टेपनीत हवा आहे का हे निघताना बघितलेलं नसतं, कारण ती तपासायची तर हेच सगळं उपसावं लागतं. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीला तर नेहमीच्या चाकापेक्षा बरीच जास्त हवा लागते. साधारण 60 पीएसआय, कडेवर छापलेलं असतं, आणि शेजारी वेगमर्यादाही: ताशी 80 किलोमीटर. ठरलेल्या वेळी पोचण्याचा विचार इथे सोडायचा.

“त्याला राहू दे आत, ऊन आहे बाहेर,” असं एक जण म्हणतेच. नाही. जॅकवर चढवलेल्या गाडीत कुणीही बसायचं नाही, आणि मूल तर हलणारच. शिवाय बंद उभ्या गाडीचं ऊन बाहेरच्या उन्हापेक्षा वाईट. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढलं होतं, त्यातलं ऐंशी टक्के पहिल्या अर्ध्या तासातच. काचा थोड्या खाली ठेवून जवळपास काही फरक पडला नव्हता. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाचपट वेगाने तापतं. म्हणून एकीने मुलाला घेऊन लोखंडी कठड्यापलीकडे जायचं, तेही गाडीच्या मागच्या अंगाला, जिकडून वाहनं येतात तिकडे. मागून कुणी गाडीला धडकलंच तर ती पुढे फेकली जाते. पुढे उभं राहायचं नाही.

आई पाना हातात घेते. चाक अजून जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. गाडी उचलल्यावर जोर लावला तर चाक नुसतं फिरतं, नाहीतर गाडीच जॅकवरून हलते. हँडब्रेक ओढलेला, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकापुढेमागे दगड. जॅक दाराखालच्या पत्र्याच्या कडेला खाच असते तिथेच, इकडेतिकडे लावला तर पत्रा चेपतो. नवं चाक चढवून नट हातानेच, समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे. ओळीने आवळले तर चाक तिरकं बसतं आणि पन्नास किलोमीटरवर थरथरायला लागतं. गाडी खाली घेऊन मग शेवटचा जोर. हातावर काळं वंगण, खांद्यावर तोच वास, आणि पाना नटावरून दोनदा घसरून बोटाचं सालटं निघालेलं.

पलीकडे खडीचा ढीग असतो. मैत्रिणीने घड्याळ बघून दहा मिनिटं जाऊ दिलेली असतात, आणि आता ती चमचाचमचा पाणी पाजत असते, दोन-तीन मिनिटांनी एक. उलटीनंतर घटाघटा प्यायला दिलं की ते तसंच परत येतं. दोन चमच्यांच्या मध्ये करायला काही नसतं, म्हणून ती त्याला विचारते, कुठला दगड मोठा? तो सगळे बघून एक लहानसा दाखवतो. का रे हा? तो सांगत नाही, दगड तिच्या हातावर ठेवतो. मग दुसरा ठेवतो. तिची ओंजळ भरत जाते, आणि त्याच्या ओठांभोवतीचा रंग परत येतो. त्याच्या चेहऱ्याकडे ती इतका वेळ सकाळपासून पहिल्यांदाच बघत असते, हे तिचं तिलाच जाणवतं. पुढच्या सीटवरून चेहरे दिसत नाहीत.

डिकी बंद होते. यावेळी पिशवी पायाशी आलेली असते, मोबाईल डॅशबोर्डच्या कप्प्यात, आणि मॅपवर आधी ठरलेल्या गावाऐवजी अलीकडच्या एका मुक्कामाचं नाव घातलेलं असतं. आई कठड्याशी येऊन हाक मारते.

“चला, निघायचं. गाडीत बसायचं ना?”

तो उकिडवा बसलेला असतो. दगड निवडणं थांबत नाही, मानही वर होत नाही.

“अज्जून वीश मिन्टं,” तो म्हणतो.

दोघी एकमेकींकडे बघतात. मैत्रिणीच्या दोन्ही हातांत दगड असतात, त्यामुळे तिला उठता येत नाही. आई गाडीची किल्ली खिशात टाकते आणि कठडा ओलांडून पलीकडे जाते.